हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घ्यायच्या आधी : ख्रिस्ती माणसाने निर्णय कसा घ्यावा

मोठा निर्णय समोर आला की आपण ख्रिस्ती लोक आधी प्रार्थना करतो, आणि ते बरोबरच आहे, पण खूपदा मनात निर्णय आधीच झालेला असतो आणि प्रार्थना फक्त त्याच्यावर शिक्का मारून घ्यायला असते. मी स्वतः हे केलंय म्हणून सांगतोय. बाबा गेले, मागे वसईची वाडी, अठरा गुंठे. आई, दादा, ताई आणि मी असे चार वारस. दादाने हक्कसोडपत्राचा, म्हणजे वारसाने आपला वाटा सोडल्याच्या कागदाचा, मसुदा टाईप करून आणला, ताईने सही करायची की झालं, आमच्याकडे बऱ्याच घरांत हीच पद्धत, बहिणी सही करतात आणि त्यांचं माहेर टिकतं. त्या रात्री मी रोझरी म्हटली, शांत वाटलं, छान झोप लागली आणि सकाळी उठून मला वाटलं की देवाने उत्तर दिलं. कसलं उत्तर, ताईशी बोलायचं टळलं म्हणून ती शांती होती. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की नुसतं शांत वाटण्यावर जाऊ नका, ती शांती कशाची आहे ते तपासा.

आता सुरुवात कुठून करायची. कागद घ्या आणि जे करणार आहात ते खऱ्या नावाने लिहा, गोड शब्द वापरायचे नाहीत. मी आधी लिहिलं होतं "ताई सही देतेय". आमच्या फादरांनी ते वाचलं आणि एवढंच विचारलं, तिला किती मिळणार होतं? मला माहीतच नव्हतं! मग वकिलाला विचारलं. आपल्या महाराष्ट्रात ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, त्यात विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगा-मुलगी भेद न करता सगळ्या मुलांत सारखं. (गोव्यातल्यांनी हे धरून चालू नका, तिकडचा कायदा वेगळा.) म्हणजे आईचे सहा गुंठे, आणि आम्हा तिघांचे चार-चार. मग मी वाक्य बदललं : "ताईचे चार गुंठे आम्ही दोघे भाऊ फुकट घेतोय." हे वाक्य लिहिताना हात जड झाला, आणि हात जड होतो तिथेच थांबून बघायचं असतं.

जुन्या ख्रिस्ती परंपरेत चार मुख्य सद्गुण सांगतात, शहाणपण, न्याय, धैर्य, संयम, आणि मध्ययुगातले ख्रिस्ती धर्मपंडित संत थॉमस अक्विनास शहाणपणाला बाकीच्यांना वाट दाखवणारा मानतात. हे शहाणपण म्हणजे हुशारी नव्हे, जे आहे ते आहे तसं बघणं. आकडा माहीत नसताना न्याय कसा करणार? कायदा विचारणं, सातबारा काढणं, हेही भक्तीतच येतं असं मला आता मनापासून वाटतं. केरळच्या मेरी रॉय यांनी वडिलांच्या मालमत्तेतल्या हक्कासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत लढा दिला आणि 1986 मध्ये त्या जिंकल्या, तोपर्यंत त्रावणकोरच्या जुन्या कायद्यात ख्रिस्ती मुलीला भावाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळायचं. तेही ख्रिस्ती कुटुंबांतच चालत होतं, रविवारी चर्चला जाणाऱ्या कुटुंबांत.

मग तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासा : कृती काय, हेतू काय, परिस्थिती काय. माझा हेतू चांगला होता हो, वाडीचे तुकडे पडू नयेत, बिल्डरच्या हातात जाऊ नये. पण रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल स्पष्ट सांगतो की चांगलं व्हावं म्हणून वाईट करायचं हे चालत नाही. चांगल्या हेतूने वाईट कृती धुऊन निघत नाही. परिस्थिती बघायला गेलो तर उलट माझ्याच मनावरचं ओझं वाढलं, कारण बाबांच्या डायलिसिसला आठवड्यातून दोनदा विरारहून लोकलने यायची ती ताईच, दादा कामावर आणि मीपण. इथे एक नीट समजून घ्या, हक्क सोडणं हे मुळात पाप नाही, बहीण मनापासून देत असेल तर ते दान आहे. पण दान तेव्हाच जेव्हा तिला आपला वाटा किती ते माहीत आहे, ती नाही म्हणू शकते, आणि नाही म्हटलं तरी नाताळला तिला घरी बोलावणं येणार आहे. तीनपैकी एक जरी नसेल तर ती सही घेऊ नका.

बायबलचं म्हणाल तर डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट ठेवायचं, किंवा ग्रुपवर आलेलं वचन धरायचं, हे सोडून द्या. मी लूकचा बारावा अध्याय काढला होता, तिथे एक माणूस येशूला म्हणतो माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा, आणि येशू लोभापासून सांभाळा म्हणतो. मला वाटलं बघा, वाटणी मागणं म्हणजे लोभ, ताईला हे दाखवायला हवं. किती सोयीचं वाचन! लोभाचा इशारा तिथे सगळ्यांनाच आहे, आणि पुढचाच दाखला धान्य साठवायला मोठी कोठारं बांधू बघणाऱ्या श्रीमंताचा आहे, म्हणजे ज्याच्याकडे आधीच भरपूर आहे त्याचा. आणि गणना 27 मी वाचलंच नव्हतं, तिथे सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभं राहून वडिलांचा वाटा मागतात आणि देव सांगतो की त्या बरोबर बोलतायत. वचन आधी स्वतःला लावून बघा, मग दुसऱ्याला.

तरी ठरत नसेल तर जेझुइट संघ स्थापणाऱ्या संत इग्नाशियसची युक्ती करा. एक अनोळखी माणूस डोळ्यासमोर आणा, त्याचं भलं व्हावं एवढंच तुम्हाला वाटतंय, तो नेमका हाच प्रश्न घेऊन आलाय, त्याला काय सांगाल? किंवा आपण मरणाच्या दारात आहोत असं समजा, तेव्हा काय केलेलं असावं असं वाटेल? हा इग्नाशियस 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून अंथरुणाला खिळला होता, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की शौर्याची स्वप्नं बघताना मजा येते पण नंतर मन कोरडं पडतं आणि संतांसारखं जगायचा विचार केला की आनंद नंतरही टिकतो. तर निर्णयाची अशी मागाहून येणारी चव बघा, दोन-तीन दिवस बघा.

सल्ला घ्यायचा तर ज्याला यात काही मिळणार नाही अशा माणसाचा. आणि ज्याचं जाणार आहे त्याला विचारल्याशिवाय तर काहीच करू नका, हे मी सगळ्यात कळकळीने सांगतोय. मी ताईकडे गेलो, ती शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती, मी मसुदा ठेवला आणि बाजूला पेनाने लिहिलेला आकडा दाखवला. तिने ओल्या हाताने कागद धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "चार? मला वाटलं माझं काही नसतंच." नंतर कागदावर तिच्या अंगठ्याचा हिरवट डाग राहिला, तो कागद मी ठेवलाय.

ठरल्यावर अवघड काळ येतो, त्याची तयारी ठेवा. दादा भडकला, आई दोन दिवस जेवली नाही, आणि मला रात्री वाटायचं जाऊ दे ना, घेऊ सही. इग्नाशियसचा नियम आहे की मन अंधारात असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही, उजाडेपर्यंत थांबायचं. हे धैर्य. संयम म्हणजे दादाला लोकांसमोर काही बोललो नाही, एकट्यातच बोललो, तो चुकतोय म्हणून मी मोठा होत नाही. आणि प्रीती म्हणजे काय तर वाडी एकत्र राहावी ही त्याची ओढ खरी आहे हे मी त्याला तोंडाने सांगितलं, तेव्हा कुठे तो बसून ऐकायला लागला. सातबाऱ्यावर आता चौघांची नावं आहेत, वाडी अजून एकच आहे, केळीचे पैसे वाटून घेतो. दादा ताईशी मोजकंच बोलतो.

रोज रात्री दहा मिनिटं दिवस मागे फिरवून बघायची सवय पण लावा, आधी आभार, मग कुठे चुकलो, मग उद्याचं. तिथेच मला आत्या आठवली. बाबांनी आजोबांच्या वेळी तिची सही घेतली होती, त्याच वाडीसाठी, आणि तिला आकडा कोणी सांगितला नव्हता. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जकातदार जक्कय येशू घरी आल्यावर म्हणतो की कोणाचं फसवून घेतलं असेल तर चौपट परत देतो, हे मी लहानपणापासून ऐकतोय. किती द्यायचं, कसं द्यायचं, दादा तयार होईल का, काहीच ठरलेलं नाही. येत्या रविवारी मिस्सा झाली की मी आत्याकडे जाणार आहे, ताई पण येते म्हणालीय.