खड्ड्यात गाडी आदळल्यानंतर स्टिअरिंगमधील दोष कसा शोधावा

पावसाळ्यात रस्त्यावर साचलेले उथळ पाणी कोणते आणि पाण्याखाली दडलेला खड्डा कोणता, हे बहुतेक वेळा चाक आत गेल्यावरच कळते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-गोवा महामार्गावरून गाडी नेलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. असा दणका बसल्यानंतर बहुतेक जण दुसऱ्या दिवशी गाडी व्हील अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवून देणाऱ्या) दुकानात नेतात, वाकडे झालेले स्टिअरिंग सरळ करून घेतात आणि विषय संपला असे समजतात. कित्येकदा तेवढ्याने भागतेही. मात्र वाकलेला लोअर आर्म (चाकाला खालून गाडीच्या चौकटीशी जोडणारा दांडा) किंवा सैल झालेला बॉल जॉइंट (त्याच्या टोकाचा, सगळीकडे फिरणारा सांधा) तसाच ठेवून केलेल्या अलाइनमेंटने दोष जात नाही, तो फक्त झाकला जातो. म्हणून तपासणीचा क्रम आधी टायर आणि रिम, मग सांधे आणि सर्वांत शेवटी अलाइनमेंट असा ठेवावा.

दणका नेमका कुठे बसतो हे कळले की पुढची तपासणी सोपी होते. चाक खड्ड्यात उतरताना फारसे नुकसान होत नाही. ते पलीकडच्या काठावर आदळते तेव्हा होते. त्या क्षणी चाकाला मागे आणि वर असा दुहेरी धक्का बसतो. टायरची बाजूची भिंत रिम आणि काठ यांच्यामध्ये चिमटली जाऊन तिच्या आतले दोरे तुटतात, रिमची कड वाकते आणि उरलेला जोर हबमधून (चाक ज्यावर बसते तो भाग) नकलपर्यंत (हबला धरून चाकाबरोबर वळणारा भाग) पोहोचतो. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या एसयूव्ही गाड्यांमध्ये पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रटची रचना असते. तिच्यात नकलला वरून स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्झॉर्बर यांचा उभा जोड), खालून लोअर आर्म आणि बाजूने स्टिअरिंगचा टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) धरून ठेवतो. यांतला टाय रॉड सर्वांत सडपातळ असल्यामुळे पहिला संशय त्याच्यावर घ्यावा.

जागेवरच करावयाची पाहणी

गाडी वळणावर किंवा घाटाच्या अरुंद कडेला न थांबवता, सुरक्षित जागा मिळताच धोक्याचे दिवे लावून थांबवावी. आदळलेल्या बाजूचे पुढचे आणि मागचे अशी दोन्ही चाके पाहावीत, कारण पुढचे चाक ज्या खड्ड्यात गेले त्यात मागचेही बहुधा गेलेले असते. टायरच्या बाजूच्या भिंतीवर फुगा आला असेल तर स्टेपनी लावावी. फुगा आलेल्या टायरची दुरुस्ती होत नाही आणि तो कधी फुटेल याचा नेम नसतो. स्टेपनी मूळ चाकापेक्षा लहान किंवा अरुंद असेल तर तिच्यावर छापलेली वेगमर्यादा पाळावी. ती बहुधा ताशी ८० किलोमीटर असते.

स्टिअरिंग एकाएकी जड झाले असेल, अडकत असेल, पुढची दोन चाके वेगवेगळ्या दिशांना तोंड करून उभी दिसत असतील किंवा गाडीखालून तेल गळत असेल, तर ‘जवळच्या गॅरेजपर्यंत हळूहळू जाऊ’ हा मोह टाळावा आणि गाडी उचलून नेणारे वाहन बोलवावे. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा इशारा देणारा दिवा लागून राहिला तरीही हेच करावे, कारण वळणावर मध्येच मदत बंद झाली तर स्टिअरिंग फिरवायला अचानक पुष्कळ जोर लागतो.

चालवून लक्षण ओळखणे

वरीलपैकी काही नसेल तर आधी चारही टायरची हवा, टायर थंड असताना, चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवरील आकड्याप्रमाणे भरावी. हवा कमी असलेले टायर गाडीला आपल्या बाजूला ओढते. त्यामुळे ही पायरी गाळल्यास पुढचे सगळे निष्कर्ष चुकतात. कडेला वाकलेल्या रिममधून हवा सावकाश निसटते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दाब पुन्हा मोजावा. त्यानंतर सपाट, सरळ आणि कमी रहदारीच्या रस्त्यावर गाडी चालवून पाहावी.

येथे दोन लक्षणांची नेहमी गल्लत होते. पहिल्यात गाडी सरळ जाते, पण ती सरळ ठेवण्यासाठी स्टिअरिंग मात्र वाकडे धरावे लागते. दुसऱ्यात गाडी एका बाजूला ओढत राहते आणि हात सैल सोडताच तिकडे वळू लागते.

पहिले लक्षण टोचे आहे. टो म्हणजे वरून पाहिल्यास चाकाचे तोंड आत किंवा बाहेर वळलेले असणे. टाय रॉड वाकून एका पुढच्या चाकाचा टो बदलला, की धावताना दोन्ही चाके तो फरक आपापसात वाटून घेतात. गाडी सरळ राहते आणि स्टिअरिंग मध्यापासून सरकते. पण मागचा अ‍ॅक्सल वाकला किंवा जागेवरून हलला तरी लक्षण हुबेहूब हेच दिसते. म्हणून फक्त पुढच्या चाकांचे अलाइनमेंट करून देणाऱ्या दुकानात या तक्रारीचा पुरता उलगडा होत नाही.

दुसऱ्या लक्षणाची कारणे जास्त आहेत. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो आणि पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो; त्यामुळे डावीकडचा किंचित ओढा दोष मानू नये. ओढा स्पष्ट असेल आणि टायर एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले नसतील, तर पुढची दोन चाके आपसात बदलून पाहावीत. ओढ्याची बाजू बदलली तर दोष टायरचा. बदलली नाही तर कॅम्बर (समोरून पाहिल्यास चाकाचा आत किंवा बाहेर असलेला कल), कास्टर (बाजूने पाहिल्यास चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा पुढे-मागे असलेला कल) किंवा अडकलेला ब्रेक यांच्याकडे वळावे. दणक्याने लोअर आर्म मागे रेटला गेला की त्या चाकाचा कास्टर कमी होतो आणि गाडी त्याच बाजूला ओढते. याची घरी करता येण्याजोगी एक चाचणी आहे: सपाट जमिनीवर चाके सरळ ठेवून टायर आणि मडगार्डची कड यांच्यातील अंतर पुढून व मागून मोजावे आणि दुसऱ्या बाजूच्या चाकाशी ताडून पाहावे. एक चाक ठळकपणे मागे सरकलेले दिसले, तर आर्म, त्याची बुश (सांध्यातले रबर) किंवा तो ज्यावर बसवला आहे ती चौकट यांपैकी काहीतरी हललेले आहे.

थरथर ओळखणे तुलनेने सोपे आहे. ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या आसपास स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढच्या चाकाचे बॅलन्सिंग (वजनाचा समतोल) गेले आहे किंवा रिम वाकली आहे. थरथर हातांपेक्षा सीटमध्ये जाणवली तर मागच्या चाकाकडे पाहावे. लहान गतिरोधकावरून जाताना खटखट आवाज आला तर लिंक रॉड (वळणावर गाडीचा कल रोखणाऱ्या सळईला जोडणारा छोटा दांडा), बॉल जॉइंट किंवा स्ट्रटचा वरचा माउंट तपासावा. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नसेल तर स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगवर किंवा अडकलेल्या बॉल जॉइंटवर संशय घ्यावा.

चाक उचलून तपासणे

गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्यावी, हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना अडसर लावावा आणि पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर टेकवावी. गाडीबरोबर मिळणारा जॅक केवळ चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. स्टँड नसतील तर हा टप्पा गॅरेजमध्ये, पण स्वतः उभे राहून करून घ्यावा.

प्रथम गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून चाक हाताने फिरवावे आणि रिमच्या कडेजवळ खडू स्थिर धरावा. खडू आणि कड यांच्यातले अंतर कमी-जास्त होत असेल तर रिम वाकलेली आहे. हे आतल्या कडेलाही करावे, कारण खड्ड्यात बहुधा आतलीच कड वाकते आणि ती बाहेरून दिसत नाही.

मग टायर घड्याळाच्या बारा आणि सहा या जागी धरून आत-बाहेर हलवावे. चाक खुळखुळले तर दोष बेअरिंगचा किंवा बॉल जॉइंटचा. दोहोंपैकी कोणता हे ठरवण्यासाठी मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि पुन्हा हलवावे: प्ले (सैलपणा) नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. त्यानंतर हात तीन आणि नऊ या जागी नेऊन, मदतनिसाने स्टिअरिंग घट्ट धरलेले असताना, हीच कृती करावी. या दिशेचा प्ले टाय रॉड एंड (टाय रॉडचा चाकाकडचा सांधा) किंवा रॅक एंडचा (त्याचा रॅककडचा, म्हणजे स्टिअरिंगच्या आडव्या दातेरी दांड्याकडचा सांधा) असतो. सांध्यावर बोट टेकवले की नेमका कोणता हलतो ते हाताला कळते.

स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवून टॉर्चच्या उजेडात आतली बाजू पाहावी. रॅकचे आणि अ‍ॅक्सलचे रबरी बूट फाटलेले नाहीत ना, कुठे ग्रीस उडालेले नाही ना आणि टाय रॉड दुसऱ्या बाजूच्या रॉडइतका सरळ आहे ना, हे बघावे. जुन्या मळक्या धातूवर ताजी चकाकी दिसली तर तेथे काहीतरी घासले किंवा सरकले आहे.

अलाइनमेंटचा कागद

सांधे निर्दोष ठरल्यावर किंवा बदलून झाल्यावरच अलाइनमेंट करावे, आणि चारही चाकांचे करावे. दुकानदाराकडून दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे अशी दोन्ही मापे छापून घ्यावीत. निदानासाठी पहिला कागद अधिक मोलाचा आहे. त्यावर केवळ टो चुकलेला असेल तर तो टाय रॉडवर जुळवता येतो. कॅम्बर किंवा कास्टर मर्यादेबाहेर असेल, किंवा डाव्या-उजव्या चाकांच्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून अधिक फरक असेल, तर थांबावे. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा कॅम्बर जुळवण्याची सोयच नसते. तो बदलला याचा अर्थ स्ट्रट, नकल किंवा आर्म वाकला आहे. काही ठिकाणी हायड्रॉलिक हत्याराने हे भाग ताणून ‘कॅम्बर काढून’ देतात. कागदावरचे आकडे त्याने हिरवे (मर्यादेत) होतात, पण एकदा वाकलेला धातू पुन्हा वाकवून बसवलेला असतो. माझ्या मते यास स्पष्ट नकार द्यावा आणि वाकलेला भाग बदलावा.

स्थिरता नियंत्रण (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) असलेल्या कित्येक गाड्यांत अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग अँगल सेन्सरचा मध्य पुन्हा ठरवावा लागतो. तो राहून गेला तर स्टिअरिंग सरळ असूनही डॅशबोर्डवरचा दिवा जळत राहतो.

खर्च मोठा दिसत असेल तर काहीही खोलण्यापूर्वी विमा कंपनीला कळवावे, कारण सर्वेक्षकाने नुकसान पाहिलेले असणे आवश्यक असते. वाहनाच्या नेहमीच्या सर्वसमावेशक विम्यात नुसत्या टायरचे नुकसान धरले जात नाही. त्याच वेळी गाडीचेही नुकसान झाले असेल तर टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत भरपाई मिळते. खड्ड्याची, टायरची आणि वाकलेल्या भागाची छायाचित्रे त्याच दिवशी काढून ठेवलेली असल्यास ‘ही तर नेहमीची झीज’ या आक्षेपाला उत्तर देता येते.

दुरुस्तीनंतर साधारण हजार किलोमीटर गाडी चालली की पुढच्या टायरच्या पृष्ठभागावरून तळहात आडवा, आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर, फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे टोचरे लागत असेल तर टो अजून चुकलेला आहे, आणि अशा वेळी दोन्ही कागद घेऊन त्याच दुकानात परत जावे.