एका माणसाने जमवलेले जग: हैदराबादचे सालारजंग संग्रहालय कसे पाहावे

हैदराबादला निघालेला मराठी माणूस चारमिनार, गोवळकोंडा आणि सालारजंग ही तीन नावे मनात घेऊनच गाडीत बसतो, आणि बहुतेक वेळा चारमिनारच्या गर्दीत दमून झाल्यावर दुपारी तीनच्या सुमारास मुसी नदीकाठच्या या संग्रहालयात शिरतो. दोन तासांत अडतीस-एकोणचाळीस दालने उरकायची असतात, त्यामुळे पाय दुखतात आणि लक्षात फक्त तिथले पुतळ्याचे घड्याळ राहते. संग्रहालय सकाळी दहाला उघडते आणि पाचला बंद होते, तिकीटखिडकी त्याआधीच बंद होते, आणि शुक्रवारी साप्ताहिक सुट्टी असते. मी पहिल्यांदा गेलो तो नेमका शुक्रवार होता. इतर शहरांतल्या सवयीने सोमवार टाळला होता, एवढीच माझी हुशारी. तेव्हा शुक्रवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी दहाला दारात हजर राहावे आणि चारमिनार संध्याकाळसाठी ठेवावा, कारण तो तिथून हाकेच्या अंतरावर आहे. मेट्रोने येणाऱ्यांनी महात्मा गांधी बसस्थानकाजवळ उतरून पुढे रिक्षा करावी.

आत शिरण्यापूर्वी हा संग्रह कोणाचा, हे माहीत असले तर पाहण्याची तऱ्हाच बदलते. मीर यूसुफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, यांचा जन्म १८८९ साली पुण्यात झाला, आणि महिनाभरातच वडील वारले. आजोबा, पहिले सालारजंग, हे निजामाचे नावाजलेले दिवाण होते. नातवानेही १९१२ मध्ये तेच पद घेतले, पण दोनेक वर्षांतच ते सोडले आणि उरलेले आयुष्य वस्तू जमवण्यात घालवले. लग्न केले नाही. १९४९ मध्ये ते वारले तेव्हा दिवाणदेवडी नावाचा त्यांचा वाडा हस्तलिखिते, गालिचे, शस्त्रे, चिनी मातीची भांडी आणि युरोपीय पुतळे यांनी भरलेला होता आणि थेट वारस कोणी नव्हता. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तो वाडाच संग्रहालय म्हणून खुला झाला, १९६१ मध्ये संसदेने त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले, आणि १९६८ मध्ये सारे सामान आजच्या इमारतीत आले. व्यवस्था आज सरकारी असली तरी निवड एका घराण्याची, मुख्यतः एका माणसाची आहे. म्हणून इथे कालक्रम किंवा समतोल शोधू नये. एखाद्या श्रीमंत, हौशी आणि काहीशा एकाकी गृहस्थाच्या घरी आपण पाहुणे म्हणून आलो आहोत, असे समजून चालावे.

कलावस्तूंची संख्या सुमारे ४६ हजार सांगतात आणि हस्तलिखिते आठ हजारांहून अधिक आहेत. त्यांतला थोडाच भाग मांडलेला असला तरी तोही एका दिवसात पाहून होत नाही, म्हणून पाच-सहा दालने ठरवून घ्यावीत आणि बाकीच्यांतून न थांबता पुढे जावे. सकाळचा ताजा तास हस्तलिखितांना द्यावा. अरबी-फारसी येत नसली तरी डोळ्यांना लिप्यांचे वळण ओळखता येते: कुफी कोनदार आणि ठाशीव असते, नस्ख समजूतदार आणि सुटसुटीत, तर नस्तालीक उजवीकडून डावीकडे उतरणीवर घसरत गेल्यासारखी दिसते, उर्दू पाट्यांमुळे ती आपल्या ओळखीची असते. बगदादचा तेराव्या शतकातला सुलेखनकार याकूत अल्-मुस्तासिमी याच्या हातची म्हणून ओळखली जाणारी कुराणाची एक प्रत या संग्रहात आहे, आणि तिच्यावर जहांगीर, शाहजहान आणि औरंगजेब यांची नोंद असल्याचे संग्रहालय सांगते. पोथी एका हातातून दुसऱ्या हातात गेली की नवा मालक तिच्यावर शिक्का उमटवी. म्हणून मजकुराइतकेच लक्ष कडेच्या शिक्क्यांकडे द्यावे, कारण पोथीची वंशावळ तिथे असते.

सालाचा आकडा वाचायची युक्ती इथे फार कामी येते. अरबी-फारसी अंकांत शून्य म्हणजे नुसता ठिपका, आपल्या शून्यासारखा वाटोळा दिसतो तो पाच, टोक खाली असलेला कोन म्हणजे सात आणि टोक वर असलेला कोन म्हणजे आठ; लिपी उजवीकडून चालली तरी आकडा आपल्यासारखाच डावीकडून वाचायचा. या पोथ्यांवरचे हिजरी, म्हणजे इस्लामी कालगणनेचे, वर्ष चांद्र असल्यामुळे आपल्यापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास निघतो. हिजरी १००० चा हिशेब करून पाहावा: १५९२ येते, आणि चारमिनार १५९१ चा आहे. एक-दोन वर्षांची चूक चालवून घ्यावी.

त्यानंतर हरिताश्म, म्हणजे जेडचे दालन पाहावे. जहांगीराचा खंजीर, नूरजहानची फळे कापायची सुरी, शाहजहानची धनुर्धराची अंगठी आणि इल्तुतमिशचे नाव असलेली रेहाल, म्हणजे पोथी ठेवायची घोडी, अशी नावे इथे एकामागून एक येतात आणि माणूस नावांनीच दिपून जातो. माझा सल्ला असा की आधी वस्तू पाहावी आणि पाटी नंतर वाचावी. अंगठीची एक बाजू जिभेसारखी पुढे आलेली असते. प्रत्यंचा अंगठ्याने ओढून सोडताना ती कातडी सोलू नये म्हणून हा आकार. हे एकदा कळले की पुढच्या पाटीवर कोणत्या बादशहाचे नाव आहे, याला थोडे कमी महत्त्व उरते. ज्या नावाला वस्तूवरच्या लेखाचा आधार आहे ते वेगळे आणि जे केवळ परंपरेने चिकटले आहे ते वेगळे, हा भेद मनात ठेवावा. खाजगी संग्रहात दुसऱ्या प्रकारची नावे नेहमीच जास्त असतात, कारण विकणाऱ्याला ती सोयीची असतात.

घड्याळाबद्दल थोडेच सांगतो. कुक अँड केल्वी या कंपनीच्या या घड्याळात दर तासाला एक दाढीवाला पुतळा बाहेर येऊन घंटा वाजवतो, आणि बारा ठोके ऐकायला बाराला एवढी गर्दी होते की पुतळ्याऐवजी पुढच्याचा मोबाईलच दिसतो. अकराला जावे. तास झाल्यावर लोक उठून जातात, पण सेकंदागणिक हातोडा मारणारा छोटा लोहार तसाच काम करत राहतो. त्याच्यासाठी दोन मिनिटे थांबायला हरकत नाही.

बुरख्यातली रिबेका मात्र निवांतपणे पाहावी. इटालियन शिल्पकार जोव्हान्नी मारिया बेंझोनीची ही संगमरवरी मूर्ती पहिल्या सालारजंगांनी १८७६ च्या युरोपप्रवासात रोममध्ये विकत घेतली; इसहाकला येताना पाहून रिबेका चेहऱ्यावर बुरखा ओढून घेते, ती बायबलमधली कथा. समोरून चेहरा स्पष्ट दिसतो. मग अगदी बाजूला जाऊन पाहावे: बुरख्याखाली चेहरा असा काही नाहीच, एकाच दगडाचा चढउतार आहे, नाकाच्या शेंड्यावर आणि ओठांवर कापड टेकल्यासारखे वाटते तिथेच नाक आणि ओठ सूचित केले आहेत, आणि उरलेला चेहरा आपला डोळा पुरा करतो. बेंझोनीने या विषयाच्या आणखी प्रतीही घडवल्या होत्या. त्यामुळे या मूर्तीचे मोल कमी होते असे मला वाटत नाही.

मराठवाड्यातून येणाऱ्यांना बिदरी भांडी आपल्या शेजारची वाटतील, कारण बीदर उदगीरहून फार दूर नाही आणि निजामाच्या राज्यात दोन्ही एकत्रच होती. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर नक्षी कोरून तिच्यात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात, आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून तिने भांडे घासतात. धातू काळा पडतो आणि चांदी तशीच राहते. हुक्क्याच्या बैठकीवरचे एखादे फूल निवडून काचेतून नीट पाहावे. पाकळीची कड बारीक तारेची असेल तर ती तारकशी, आणि सबंध पाकळी पत्र्याची असेल तर ते काम वेगळे. अनेकदा दोन्ही एकाच भांड्यावर असतात.

मोठी पिशवी आणू नये, ती बाहेर ठेवावी लागते. फ्लॅश वापरू नये, आणि पायांत जुने, सवयीचे जोडे घालावेत. मुले बरोबर असतील तर त्यांना हस्तलिखितांपाशी ताटकळत ठेवण्यापेक्षा खेळण्यांच्या दालनात न्यावे, तिथे शिशाच्या शिपायांची पलटण मांडलेली आहे.