अमेरिकेत नवीन आलात? मग कागदी चेक बँकेत कसा भरायचा ते आधी वाचा

पहिलं काम म्हणजे मेलबॉक्समधली पाकिटं न उघडता रिसायकलमध्ये टाकायची नाहीत. इथे चेक पोस्टाने येतो आणि दिसायला अगदी जाहिरातीसारखाच असतो, खिडकीवालं पाकीट, आत घडी घातलेला कागद आणि त्याच कागदाच्या खालच्या तुकड्यात चेक. वीज कंपनीकडून परत आलेलं डिपॉझिट, इन्शुरन्सवाल्यांनी जास्तीचे घेतलेले चाळीस डॉलर, जुन्या नोकरीचा शेवटचा पगार, स्टेटचा टॅक्स रिफंड, असलं सगळं अजून कागदावर येतं. फेडरल सरकारने ३० सप्टेंबर २०२५ पासून कागदी चेक बहुतेक बंद करायला घेतलेत, म्हणून आयआरएसच्या (इथलं इन्कम टॅक्स खातं) फॉर्मवर अकाउंट नंबर आठवणीने टाका, पण बाकीच्यांचं आपलं चालूच आहे.

चेक हातात आला की आधी पुढची बाजू नीट वाचा. तारखेत महिना पहिला असतो, म्हणजे ०३/०४ दिसलं तर ते ४ मार्च, ३ एप्रिल नाही, आणि हे डोक्यात बसायला वर्ष जातं. भारतात एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत तीन महिने झाली, इथे साध्या चेकला सहा महिने धरतात, त्यानंतर बँक तो घ्यायला बांधील नसते. काही कंपन्या चेकवरच नव्वद दिवसांत भरा असं छापतात तेही बघा. आकड्यातली रक्कम आणि अक्षरातली रक्कम जुळत नसेल तर अक्षरातली खरी धरतात. सेंट्स अपूर्णांकात असतात, पंचेचाळीस भागिले शंभर असं, ते बघून गोंधळू नका.

आता नाव. पासपोर्टवर आपल्या लोकांचं स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं, बँक खातं उघडताना तेच उचलते, आणि चेकवर मात्र फक्त नाव आणि आडनाव येतं. ह्याने सहसा अडत नाही. स्पेलिंग चुकलं असेल तर मागच्या बाजूला आधी चेकवर जसं छापलंय तसं चुकीचंच नाव लिहायचं आणि त्याच्या खाली खात्यावरचं बरोबर नाव, म्हणजे दोन्ही नावांनी सही. बँक ते घेते. ज्ञानेश्वर आणि ज्ञानदा मंडळींना हे लवकरच पाठ होईल, कारण आपलं डीएनवायने सुरू होणारं स्पेलिंग इथे कोणालाही बरोबर उतरवता येत नाही. जरा किचकट केस म्हणजे लग्नानंतरची, पासपोर्ट माहेरच्या नावावर, खातंही माहेरच्या नावावर आणि इथल्या नातेवाईकांनी आहेराचा चेक सासरच्या आडनावाने लिहिलेला. तो चेक फोनवरून भरायच्या फंदात पडू नका, मॅरेज सर्टिफिकेट घेऊन ब्रँचमध्येच जा, किंवा त्याहून सोपं म्हणजे नातेवाईकांना आधीच सांगून ठेवा की ताई/दादा चेक ह्या नावाने लिहा, त्यात लाजायचं काही नाही.

मागची बाजू सगळ्यात महत्त्वाची. भारतात आपण चेकमागे खाते नंबर आणि फोन नंबर लिहून स्लिपबरोबर पेटीत टाकतो, सही कोणी मागत नाही. इथे मागे एका टोकाला दीड इंचाची पट्टी असते, ह्या रेघेखाली लिहू नका असंही बहुतेक छापलेलं असतं, त्या पट्टीत तुमची सही लागते. पण नुसती सही करून चेक बॅगेत घेऊन फिरू नका, कारण नुसती सही केलेला चेक हरवला तर ज्याला सापडेल तो वटवायचा प्रयत्न करू शकतो. सही बँकेत पोचल्यावर करा, आणि वर इंग्रजीत फॉर डिपॉझिट ओन्ली आणि अकाउंट नंबर लिहा. फोनवरून भरणार असाल तर फॉर मोबाइल डिपॉझिट ओन्ली लिहा, बऱ्याच बँका ह्या ओळीशिवाय फोटो परत पाठवतात. आणि हो, तुम्ही स्वतः कोणाला चेक लिहाल तेव्हा सवयीने डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून अकाउंट पेयी लिहू नका, इथे क्रॉस चेक हा प्रकारच नाही, समोरचा विचारत बसेल हे काय खोडलंय.

फोनवरून भरणं सोपं आहे, गडद रंगाच्या टेबलावर चेक सपाट ठेवायचा, चारही कोपरे दिसले पाहिजेत, पुढचा फोटो, मागचा फोटो, रक्कम टाइप करायची, झालं. नवीन खात्याला दिवसाची मर्यादा मात्र बरीच कमी असते, त्यामुळे मोठा चेक ॲप घेत नाही म्हणून घाबरू नका. नुसता फोटो कसा चालतो असं माझ्या सासऱ्यांनी विचारलं होतं, तर त्यामागे एक कायदा आहे. पूर्वी खरेखुरे कागदी चेक विमानाने एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचे, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर विमानं जमिनीवर बसली आणि चेकचे ढीग अडकले, त्यानंतर चेक २१ नावाचा कायदा झाला आणि २८ ऑक्टोबर २००४ पासून चेकच्या चित्रावरून काढलेल्या छापील प्रतीला मूळ चेकइतकीच किंमत आली. फोटो काढून झाल्यावर चेक लगेच फाडू नका, बँक सांगेल तितके दिवस (साधारण दोन आठवडे धरून चाला) जपून ठेवा, त्यावर भरला म्हणून तारीख टाका आणि मग बारीक तुकडे करा. तारीख टाकायची कारण घरात दोघं असले की एक फोनवरून भरतो आणि दुसरा तोच चेक एटीएममध्ये घालून येतो, आणि मग बँक खातं तपासणीला लावते.

एटीएमने भरायचा असेल तर तुमच्याच बँकेचं मशीन शोधा. पाकीट, स्लिप काही लागत नाही, चेक सरळ आत जातो आणि पावतीवर चेकचं चित्र छापून मागा, मशीन विचारतं तेव्हा हो म्हणा. मोठा चेक असेल किंवा कॅशिअर्स चेक (बँकेने स्वतःच्या नावाने काढलेला, आपल्या डिमांड ड्राफ्टसारखा) असेल तर काउंटरवरच जा, कॅशिअर्स चेक काउंटरवरच्या टेलरच्या, म्हणजे बँकेच्या कर्मचाऱ्याच्या, हातात दिला तर पैसे लवकर मोकळे होतात.

लवकर मोकळे होतात म्हणजे काय ते आता जरा सविस्तर सांगते, कारण नवीन मुलं इथेच गोत्यात येतात. फेडरल नियम असा की साध्या चेकमधले पहिले २७५ डॉलर पुढच्या बिझनेस डेला वापरायला द्यायचे आणि उरलेले साधारण त्याच्या पुढच्या. हा आकडा जुलै २०२५ पासूनचा आहे, आधी २२५ होता. एका दिवसात ६,७२५ डॉलरच्या वर भरले तर वरच्या रकमेला बँक जास्त दिवस होल्ड लावू शकते, म्हणजे ते पैसे अडवून ठेवू शकते, आणि खातं उघडून तीस दिवस झाले नसतील तर साध्या चेकला त्याहूनही जास्त. शनिवार रविवार बिझनेस डे नाही, शुक्रवारी संध्याकाळी भरलेला चेक सोमवारी भरला असंच धरतात. फोनवरून भरलेल्याला प्रत्येक बँक आपापले नियम लावते, बटण दाबायच्या आधी स्क्रीनवर लिहिलेलं असतं ते वाचा. तर तुमचा पहिला पगार चेकने येणार असेल तर पहिल्या महिन्याचं भाडं त्या चेकच्या भरवशावर ठेवू नका, होल्ड लागलेला असताना भाड्याचा चेक लिहिलात तर तो बाऊन्स होईल आणि बँक आणि घरमालक दोघंही फी लावतील.

आणि ह्याची दुसरी बाजू जास्त वाईट आहे. खात्यात पैसे दिसले, काढताही आले, म्हणजे चेक वटला असं नाही! नियमामुळे बँकेला पैसे लवकर द्यावे लागतात, पण ज्या बँकेवरचा चेक आहे तिथून तो खोटा ठरून परत यायला कधी कधी आठवडे लागतात, आणि परत आला की बँक ती रक्कम तुमच्या खात्यातून वसूल करते, खात्यात नसेल तर तुम्ही बँकेचे देणेकरी. सगळे चेकवाले फ्रॉड ह्याच फटीत बसतात. तुम्ही जुना सोफा ऑनलाइन विकायला काढता, घेणारा २०० ऐवजी १,२०० चा चेक पाठवतो आणि म्हणतो चुकून जास्त लिहिला, वरचे हजार माझ्या मूव्हरला (सामान हलवणाऱ्याला) पाठव. किंवा कॉलेजच्या ईमेलवर घरबसल्या असिस्टंटची नोकरी येते, पहिल्याच आठवड्यात ऑफिसचं सामान घ्यायला चेक येतो आणि गिफ्ट कार्ड घेऊन मागचे नंबर कळव म्हणतात. कॅशिअर्स चेकसुद्धा खोटे छापतात, त्यामुळे कॅशिअर्स आहे म्हणजे खात्रीचा असं समजू नका. अनोळखी माणसाचा चेक भरून त्यातलेच पैसे त्यालाच किंवा तिसऱ्याला पाठवायला सांगितलं की तो फ्रॉड आहे, माझ्या मते ह्याला अपवाद नाही. एफ वन वर (विद्यार्थी व्हिसावर) आलेली मुलं भीतीने घरी सांगत नाहीत आणि अजून पैसे घालत बसतात, असं झालं तर त्याच दिवशी बँकेला फोन करा.

रूममेटवाल्यांसाठी वेगळं. चौघांनी मिळून लीज घेतली, डिग्री संपली, एक डॅलसला, एक सिएटलला, आणि सिक्युरिटी डिपॉझिटचा चेक येतो चौघांच्या नावाने. नावांच्या मध्ये अँड असेल तर चौघांच्याही सह्या लागतात, ऑर असेल तर एकाची पुरते. अँडवाला चेक एका शहरातून दुसऱ्या शहरात कुरियरने फिरवावा लागतो, आणि इतकं करूनही काही बँका म्हणतात सगळ्यांना घेऊन या किंवा सगळ्यांचं खातं इथे हवं. दरवर्षी मे-जूनमध्ये मला ह्याच्यावरून फोन येतात. घर सोडायच्या आधीच लीझिंग ऑफिसला लेखी कळवा की चेक अमुक एकाच्याच नावाने काढा, खाली चौघांनी सही करा, आणि नवीन पत्ता द्या. नवरा-बायकोच्या जॉइंट टॅक्स रिफंडचंही तेच, दोघांची नावं असतील तर दोघांच्या सह्या आणि शक्यतो दोघांचं जॉइंट खातंच हवं, एच फोरवर (नवऱ्याच्या वर्क व्हिसाबरोबरच्या व्हिसावर) असलेल्या बायकोचं नाव खात्यात घालायचं राहिलेलं असतं ते आधी घालून घ्या.

तुम्ही स्वतः चेक पोस्टाने पाठवणार असाल तर काळं जेल पेन वापरा, बॉल पेनची शाई रसायनाने धुऊन नाव आणि रक्कम बदलायचे प्रकार इथे खूप होतात. रस्त्यावरच्या निळ्या पेटीत रात्री टाकू नका, पोस्टात आत जाऊन द्या.

शेवटचं भारतातल्या चेकबद्दल. इथल्या बँकेचं ॲप रुपयातला चेक घेत नाही, त्यामुळे मामांनी लग्नात दिलेला चेक बॅगेत घालून आणला असेल तर तो तसाच पडून तीन महिन्यांत मुदत संपेल. तिथेच आईबाबांकडे ठेवा आणि तुमच्या एनआरओ खात्यात (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं भारतातलं रुपयातलं खातं) भरायला सांगा, आणि खातं अजून साधं सेव्हिंग्जच असेल तर आधी बँकेला कळवून ते एनआरओ करून घ्या. उलट बाजूने, घरी डॉलरचा चेक पाठवू नका, तिथे तो कलेक्शनला, म्हणजे वसुलीसाठी परत इथल्या बँकेकडे, जातो, आठवडेच्या आठवडे लागतात आणि दोन्हीकडचा चार्ज कापून हातात कमी येतं, त्यापेक्षा सरळ ऑनलाइन पैसे पाठवा.