गिटारवरून भांडण न होता ऐकायची बैठक

एकाला स्वीडिश रॉक गिटारवादक इंग्वे माल्मस्टीनचा वेग हवा, दुसरा स्पेनच्या फ्लॅमेंको गिटारवादक पाको दे लुसियापुढे कुणाला मोजत नाही, तिसरा गिटारवर हिंदुस्थानी राग वाजवणाऱ्या ब्रिजभूषण काबरांच्या मींडेवर, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरण्यावर, फिदा. सांगलीत अशा तिघांना एकत्र बसवायचं तर प्रत्येकी दोनच तुकडे घ्या, पाच मिनिटांच्या आतले.

सगळ्यात आधी आवाज सारखा करा. बहुतेक वाद इथेच होतात. मोठ्याने वाजलेलं कानाला उगाच सरस वाटतं. जुनी ध्वनिमुद्रणं मंद, नवी दाबून मोठी केलेली. बसायच्या जागी फोनवर डेसिबलचं ॲप लावा, 75 च्या आसपास ठेवा.

एकच ब्लूटूथ डबा नको, दोन स्पीकर हवेत. 5 डिसेंबर 1980 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मैफिलीत पाको आणि अमेरिकन गिटारवादक अल डी मेओला यांची जुगलबंदी आहे: पाको डावीकडे, डी मेओला उजवीकडे. डबा दोघांची खिचडी करतो. पाको तर्जनी-मधल्या बोटाने तार छेडतो, डी मेओला पिकने, म्हणजे हातातल्या छोट्या चपट्या तुकड्याने. यूट्यूबवर वेग 0.5 करा, सूर तोच राहतो. पिकचा टोकदार 'टक्' आणि बोटाचा भरीव आघात वेगळे ऐकू येतात.

काबरांना मात्र वेगाच्या फूटपट्टीने मोजू नका. तिथे तारेवरून सरकणाऱ्या पट्टीने सूर कुठे थांबतो, ते ऐका.

वादकाचं नाव शेवटी सांगा. आणि भडंग मध्यंतरात. आलापात कुरकुर चालणार नाही.