पाच किलोचं कलिंगड, चार माणसं आणि एक छोटा फ्रीज

दर मार्चला आमच्याकडे हाच सीन. नवरा ऑफिसातून येताना टेम्पोवाल्याकडून भलंमोठं कलिंगड उचलून आणतो आणि मग ते ठेवायचं कुठे यावरून घरात वादावादी, कारण फ्रीजमध्ये आधीच इडलीचं पीठ, ताकाचा टोप आणि कालची आमटी. अर्धं कलिंगड कसंबसं कोंबायचं, दोन दिवसांनी त्याला कांद्याचा वास, तिसऱ्या दिवशी पाणी सुटून लिबलिबीत आणि चौथ्या दिवशी ओल्या कचऱ्यात. दोन उन्हाळे हे झाल्यावर मी ठरवलं की आता आणलेलं कलिंगड तीन दिवसांत संपवायचं, सालासकट, आणि कोणी "परत कलिंगडच का" असं म्हणता कामा नये. जमतं ते. कसं ते सांगते.

आधी एक. माझं माहेर अलिबागकडचं म्हणून मी कलिंगड म्हणते, सासर नागपूरचं म्हणून तिथे टरबूज, आणि काही ठिकाणी टरबूज मागितलं की खरबूज हातात देतात. त्यामुळे अनोळखी बाजारात बोट दाखवून मागा, भानगडच नको.

निवडताना सगळे कानाला लावून टिचक्या मारतात. मारा, पण काय ऐकायचं ते माहीत हवं ना. कच्चं टणटण वाजतं, पिकलेलं बदबद. मला स्वतःला बाजाराच्या गोंगाटात हा फरक अर्ध्या वेळा कळत नाही म्हणून मी आधी फळ उलटं करून डाग बघते. वेलावर असताना जी बाजू जमिनीला टेकलेली असते तिथे डाग पडतो, तो लोण्यासारखा पिवळा असेल तर घ्या, पांढरट-हिरवट असेल तर लवकर तोडलंय. आणि कलिंगड हे आंब्यासारखं घरी आणून पिकत नाही, तोडलं तेव्हा जेवढं गोड तेवढंच, त्यामुळे "दोन दिवस ठेवा ताई, गोड होईल" यावर विश्वास ठेवू नका. सारख्या आकाराची दोन उचलून बघायची आणि जड ते घ्यायचं. सालावर फार चकाकी नको, पिकलेलं जरा मंद दिसतं.

आमच्या आजोबांना हे काही बघावं लागायचं नाही, ते शेतातच देठाजवळचा तणावा बघायचे. फळाच्या शेजारी वेलाला जो स्प्रिंगसारखा तणावा असतो तो वाळून तपकिरी झाला की फळ तयार. भात कापून झालं की त्याच खाचरात खड्डे घालून कलिंगड लावायचे, विहिरीचं पाणी कळशीने घालायचे, आणि शिमग्याच्या आसपास घरात पाय ठेवायला जागा नसायची, पलंगाखाली पण कलिंगडं. आता तिकडे पण ड्रिप आणि मल्चिंगचा प्लास्टिक पेपर आलाय, पण हायवेच्या कडेला ढीग मात्र तसेच लागतात.

ते इंजेक्शनचं पण बोलून टाकू, कारण कलिंगडाला सुईने रंग आणि गोडी टोचतात असा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर दर उन्हाळ्यात येतोच. कापल्यावर मध्ये फट दिसली, पोकळ दिसलं म्हणजे केमिकल असं काही नसतं, फुलाचं परागीभवन नीट झालं नाही की आत अशी फट पडते. खायला काही प्रॉब्लेम नाही, उलट फटीच्या कडेचा भाग बऱ्याचदा जास्त गोड लागतो. आणि सुईने भोक पाडलेलं फळ गाडीवर दिवस दिवस टिकेल का, विचार करा, तिथून सडायला लागेल. रंगाची शंकाच असेल तर कापलेल्या भागावर कापसाचा बोळा घासा, बोळा लालभडक झाला तर खाऊ नका. खरी भीती कापून ठेवलेल्या फोडींची असते, उन्हात, माश्या बसलेल्या. मागच्या वर्षी मी एका स्टॉलवरून असा एक डबा घेतला आणि पुढचे दोन दिवस ओआरएसवर काढले, तेव्हापासून अख्खंच आणते. फेस येणारं किंवा आंबूस वासाचं कलिंगड मात्र सरळ फेका, तिथे काटकसर नाही.

आता गार करणं. अख्खं कलिंगड फ्रीजमध्ये घालायची गरजच नाही. आजोबा रात्री पोत्यात घालून दोराने विहिरीत सोडायचे आणि दुपारी वर काढायचे, त्या गारव्याला तोड नव्हती, दातांना कळ न लागता गार. फ्लॅटमध्ये विहीर कुठून आणणार, पण मोठी बादली आहे. साल आधी घासून धुवायचं (हे कंपल्सरी, कारण सुरी सालावरची सगळी घाण आत नेते), मग बादलीत पाणी आणि बर्फाचे दोन ट्रे, त्यात कलिंगड, वर ओला पंचा. ते तरंगतं, म्हणून मधूनमधून फिरवायचं, हे काम पोरांना द्या, आवडीने करतात. तीन-चार तासांत मस्त गार.

पहिला दिवस नुसतं खायचा. कलिंगडाचा मधला गाभा सगळ्यात गोड आणि सालाकडे गोडी कमी होत जाते, त्यामुळे आडव्या चकत्या केल्या की मधल्या चकत्या ज्याला मिळतात तो मजेत आणि टोकाची ज्याला मिळते तो रुसलेला. देठापासून बुडापर्यंत उभ्या फाका करा, प्रत्येकाला थोडा गाभा मिळतो, भांडण मिटतं. लहान मुलं असतील तर अर्धं कलिंगड कापलेली बाजू खाली ठेवून आधी उभे काप द्यायचे इंचभर अंतरावर, मग आडवे, पूर्ण खालपर्यंत. वर सालाची टोपी असलेल्या लांब कांड्या तयार होतात, साल हातात धरायचं आणि टोकापासून खात यायचं, गालाला लागत नाही. फाकेत गाल बुडवून खाण्याची मजा वेगळी हे मान्य, पण पांढरा युनिफॉर्म आपल्यालाच धुवायचा असतो.

मीठ घालायचं का यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. मी मीठवाली. थोडं सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर लाल तिखट, वरून लिंबू, गोडी एकदम वर येते. सासूबाईंना हा फळाचा अपमान वाटतो, पण बशी मात्र रिकामी होते. संध्याकाळी याचंच चाट करा: कलिंगडाचे मोठे चौकोन, काकडी, बारीक चिरलेला पुदिना, भाजलेल्या दाण्याचं जाडसर कूट, चाट मसाला. एकच गोष्ट लक्षात ठेवा, मीठ-मसाला ताटात वाढतानाच घालायचा, आधी घातला की दहा मिनिटांत पाणी सुटून चाटची आमटी होते. आणि उरलेलं झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये, कांद्यापासून लांब. तीन दिवसांच्या वर नाही.

दुसरा दिवस गोळ्याचा, आणि हा आमच्या घरातला सुपरहिट. बर्फाचा गोळा बाहेरचा द्यायला भीती वाटते, म्हणून हा शोध लागला, खरं म्हणजे चुकून लागला, फ्रीझरमध्ये एक फाक विसरले होते. जाड फाका सालासकट घ्या, दिसतील तेवढ्या बिया काढा, ताटलीत सुट्या सुट्या ठेवून रात्रभर फ्रीझरमध्ये. दुसऱ्या दिवशी दगड झालेली फाक सालाच्या बाजूने नॅपकिनने धरायची आणि मोठ्या भोकांच्या किसणीवर सरळ किसायची, आपण गाजर किसतो तशी. खाली गुलाबी भुसभुशीत बर्फ पडतो. तो पटकन छोट्या ग्लासात दाबून भरायचा, मध्ये आइस्क्रीमची काडी, उपडा केला की गोळा. वरून कोकम सरबताचा सिरप किंवा काला खट्टा. पटकन म्हणजे खरंच पटकन, एका वेळी एकच गोळा, फोटो काढत बसलात तर मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ येणार. गार झालं की गोडी कमी लागते हे लक्षात ठेवून गोळ्यासाठी गोड निघालेलंच कलिंगड वापरा, फिकं निघालं असेल तर त्याचं सरबत करा.

सरबताला मिक्सर एक-दोनदाच फिरवायचा, थांबत थांबत, सतत फिरवला तर बिया दळल्या जाऊन कडवटपणा येतो. पाणी अजिबात नको, कलिंगडात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. गाळायचं, त्यात लिंबू, काळं मीठ, पंधरा मिनिटं भिजवलेला चमचाभर सब्जा. लगेच प्या, ठेवलं की वर चोथा आणि खाली पाणी. दिल्लीत जामा मशिदीजवळ मोहब्बत का शरबत मिळतं, त्यात गार दूध, रूह अफजा आणि बारीक चिरलेलं कलिंगड असतं, रमजानमध्ये बरेच जण घरीच करतात. मी केलं होतं, अर्धा लिटर दुधाला तीन चमचे रूह अफजा आणि वाटीभर कलिंगड, पोरांनी दोन-दोन ग्लास प्यायले. सासूबाईंनी "दूध आणि फळ, विरुद्ध आहार" म्हणून तोंड फिरवलं, तर तुमच्याकडे असं कोणी असेल तर त्यांच्यासाठी लिंबू-सब्जावालं वेगळं काढून ठेवा.

पार्टी असेल तर नळ लावा. हो, नळ. माठाला लावतो तो प्लास्टिकचा नळ वॉशरसकट विकत मिळतो, कलिंगडाला वरून झाकण कापायचं, डावाने आतला गर काढायचा, खाली नळाएवढं भोक पाडून नळ बसवायचा आणि आत गाळलेलं सरबत ओतायचं. मुलाच्या वाढदिवसाला मी हा उद्योग केला आणि गर काढण्याच्या उत्साहात नळाच्या जागी साल इतकं पातळ केलं की पाहुणे यायच्या आत अख्खं सरबत टेबलक्लॉथवर. दुसऱ्यांदा शिकले: नळाच्या आजूबाजूला पांढरा भाग बोटभर जाड ठेवायचा, वॉशर आतून एक आणि बाहेरून एक, आणि आधी साध्या पाण्याने टेस्ट. बुडाला अगदी पातळ चकती कापली की ते गडगडत नाही, पण पातळच, लाल दिसलं तर गेलं.

तिसऱ्या दिवशी लाल संपलेलं असतं आणि सालांचा ढीग. टाकू नका हो. वरचं हिरवं कडक साल सोलाण्याने काढा, राहिला तो पांढरा भाग चवीला दुधी-काकडीच्या मधला काहीतरी. त्याची कोशिंबीर होते, थालीपिठात जातो, दुधीसारखी चणाडाळ घालून भाजी पण होते, पण सगळ्यात भारी घावन. दोन वाट्या तांदूळ चार तास भिजवून, त्यात पांढऱ्या भागाचे दोन वाट्या तुकडे, अर्धी वाटी ओलं खोबरं, एक हिरवी मिरची, जिरं, मीठ, सगळं एकत्र बारीक वाटायचं. पाणी आधी घालूच नका, तुकड्यांचंच पुरतं, शेवटी लागलं तर चमचा-दोन चमचे. पीठ ताकापेक्षा थोडं दाट. बिडाचा तवा चांगला तापवून कडेकडेने आत ओतत यायचं, छर्रर्र आवाज आला आणि जाळी पडली की झाकण. दोन मिनिटांनी कडा सुटतात, तेव्हाच उलथनं घालायचं, घाई केली तर चिकटतं आणि मग आपण कलिंगडाला शिव्या देतो. आई मिरची-जिऱ्याऐवजी गूळ घालून गोड घावन करायची, ते चवीला अप्रतिम, पण गुळाने तव्याला चिकटतात, नॉनस्टिकवर करा.

बियांचं काय? धुवून दोन दिवस उन्हात, मग कढईत मिठाच्या पाण्याचा हबका मारून मंद आचेवर फुटेपर्यंत भाजायच्या. सोलायला वेळ लागतो, क्रिकेट बघताना टाइमपास. नाहीतर बी लांब थुंकायची स्पर्धा, गच्चीवर खडूने रेघ मारून. आमच्याकडे रेकॉर्ड सासऱ्यांच्या नावावर आहे.

बियांवरून गोव्यातल्या पर्र्याचं आठवलं, म्हापशाजवळचं गाव, तिथली कलिंगडं प्रसिद्ध. मनोहर पर्रीकर आपल्या या गावाची एक गोष्ट सांगायचे: एक शेतकरी गावातल्या पोरांना हवं तेवढं कलिंगड फुकट खायला बोलवायचा, अट एकच, बी चावायची नाही, वाडग्यात थुंकायची. तो पोरांना सगळ्यात मोठी, चांगली फळं द्यायचा, कारण त्यांच्या बिया पुढच्या वर्षी पेरायच्या असायच्या. पुढे मुलाने कारभार घेतल्यावर मोठी फळं बाजारात आणि बारकी पोरांना, आणि बघता बघता फळांचा आकार कमी होत गेला.

हे ऐकून माझ्या मुलाने बिया कुंडीत लावल्या. बाजारातली कलिंगडं बहुतेक हायब्रिड असतात त्यामुळे बियांतून तसंच फळ येईल याची खात्री नाही, हे मी त्याला सांगितलं, त्याने ऐकलं नाही. वेल ग्रिलवरून शेजाऱ्यांच्या एसीपर्यंत गेला, पिवळी फुलं आली, एक-दोन बारकी कलिंगडं लिंबाएवढी झाली आणि पिवळी पडून गळली. सहाव्या मजल्यावर मधमाश्या येत नव्हत्या, एवढंच कारण. मादी फुलाच्या मागे वाटाण्याएवढं कलिंगड आधीच असतं, नर फुलाच्या मागे नुसता देठ. फूल एकच दिवस उमलतं, ते पण सकाळचं, तेव्हा नर फूल तोडून त्याचा परागकण मादीच्या मधोमध हलकेच टेकवायचा. यंदा कुंडी मोठी आणलीय आणि वॉटरकलरचा एक जुना ब्रश खिडकीत ठेवलाय, शाळेची बस साडेसातला येते त्याआधी तो जाऊन फुलं बघून येतो, आणि काल पहिली मादी कळी सापडली म्हणून दात न घासता ओरडत आला.