पोकलेनचं इंजिन ऑइल: लेव्हल वाढली तर खूश होऊ नका

मशीन उतारावर उभं, बकेट हवेत, इंजिन आत्ताच बंद केलेलं, आणि ऑपरेटर ऑइल मोजायची पट्टी ओढून लेव्हल बघतोय. क्रशरवर हे रोजचं दृश्य. बरंचसं ऑइल अजून वरच्या भागातून खाली उतरायचं असतं, पट्टी कमी दाखवते आणि दोन लिटर ओतले जातात. मग क्रँक, म्हणजे इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा, ऑइल घुसळतो, फेस येतो, पंप फेसातली हवा ओढतो आणि प्रेशर पडतं. जास्त ऑइल कमी ऑइलइतकंच वाईट.

लेव्हल सकाळी स्टार्टरला हात लावण्याआधी बघा. मशीन सपाट जागेवर, बकेट जमिनीला टेकलेलं. पट्टी काढा, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवं. दिवसा बघायचंच असेल तर इंजिन बंद करून 10 ते 15 मिनिटं थांबा. तेवढा धीर नसेल त्याने टॉपअपचा कॅन उचलू नये. भरतानाही अर्धा-अर्धा लिटर.

सर्वांत महागात पडणारी चूक वेगळीच. “आमचं मशीन ऑइल पितच नाही, उलट लेव्हल वाढलीय,” असं ऑपरेटर कौतुकाने सांगतो आणि मालकही खूश होतो. ऑइल आपोआप वाढत नाही! डिझेल फवारणारा इंजेक्टर गळत असतो किंवा डिझेल पंपाचं सील गेलेलं असतं, आणि डिझेल इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरत असतं. ऑइल पातळ होतं. गरम इंजिन आयडलला आलं की प्रेशरचा लाल दिवा लुकलुकतो, पण रेस दिली की विझतो, म्हणून सेन्सरला दोष देऊन काम चालू राहतं. नंतर खालून ठोकण्याचा आवाज येतो. चेंबर उघडला की बेअरिंगचे शेल खरवडलेले आणि क्रँक ग्राइंडिंगला. हे सगळं पट्टीचा वास घेतला असता तर टळलं असतं. डिझेलचा वास आला की मशीन तिथेच थांबवा. ऑइल दुधाळ दिसलं तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) शिरलंय, तेव्हाही स्टार्ट मारू नका.

काळं ऑइल म्हणजे खराब ऑइल नव्हे. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. बदलायचं ते तासमीटर बघून, मॅन्युअलमध्ये 250 किंवा 500 जे लिहिलं असेल तसं, आणि धुळीच्या कामावर त्याआधी.

15डब्ल्यू-40 ग्रेडचं इंजिन ऑइल संपलं म्हणून हायड्रॉलिक ऑइल टाकणं बंद करा.

जुनं ऑइल इंजिन गरम असताना काढा, म्हणजे गाळही निघतो.

फिल्टर काढल्यावर जुनं रबर इंजिनलाच चिकटलेलं नाही ना, ते बोटाने चाचपा. दोन रबरं एकावर एक बसली की चालू इंजिनमधून सगळं ऑइल बाहेर फेकलं जातं. नव्या रबराला ऑइल लावा, रबर टेकलं की हातानेच साधारण पाऊण फेरा, फिल्टरवर वेगळं लिहिलं असेल तर तसं. पाना नको. मग दोन मिनिटं आयडलला चालवा, गळती बघा, बंद करा, थांबा आणि पट्टी परत काढा, कारण फिल्टर भरल्यावर लेव्हल उतरलेली असते.