केबिन क्रू व्हायचे आहे? मग या चुका टाळा

मराठवाड्यातून विमानातील केबिन क्रू होऊ पाहणारी बहुतेक मुले पहिली चूक मुलाखतीच्या कितीतरी आधी करतात, आणि ती म्हणजे 'शंभर टक्के नोकरीची हमी' देणाऱ्या संस्थेत डोळे झाकून पैसे भरणे. या नोकरीसाठी वय आणि शिक्षण म्हणून सर्वसाधारणपणे १८ वर्षे आणि बारावी उत्तीर्ण एवढेच लागते. आपत्कालीन दरवाजे, आग, प्रथमोपचार, पाण्यावर उतरलेले विमान यांचे प्रशिक्षण निवडीनंतर विमान कंपनीच देते आणि बाहेरच्या पदविकेमुळे त्यातला एक दिवसही कमी होत नाही.

अंबाजोगाईकडच्या एका मुलीच्या वडिलांनी सोयाबीनच्या पट्टीचे पैसे आणि वर काढलेले कर्ज अशाच एका संस्थेत ओतले होते. तिथे तिला वर्षभर मेकअप, चालणे आणि इंग्रजीतील ठरावीक उत्तरे शिकवली. उंची मात्र कोणीही मोजली नाही. भरतीच्या दिवशी पहिल्याच टेबलावर मोजपट्टी लागली. अनेक कंपन्या मुलींसाठी किमान १५५ सेंटिमीटर मागतात आणि ती तीन सेंटिमीटरने कमी भरली. संस्थेने शुल्क परत न मिळण्याच्या अटीवर बोट ठेवले. तेव्हापासून कोणी विचारायला आले की मी आधी त्याला अनवाणी भिंतीशी उभे करतो आणि टाचा उचलून हात २१२ सेंटिमीटरच्या खुणेपर्यंत, म्हणजे विमानातील वरच्या कप्प्यांपर्यंत, पोचतो का, हे पाहतो. बाकीचे बोलणे त्यानंतर.

दुसरी चूक मुलाखतीत 'ही नोकरी का?' या प्रश्नाला दिलेल्या 'मला प्रवासाची आवड आहे' या उत्तराची. प्रवासाची आवड प्रवाशाला असावी. ५० आसनांमागे किमान एक कर्मचारी ठेवण्याचा नियम जेवणाच्या ट्रेसाठी केलेला नाही. निम्मेच दरवाजे वापरून ९० सेकंदांत विमान रिकामे होते, हे उत्पादकाला सिद्ध करून दाखवावे लागते आणि प्रत्यक्ष संकटात ते काम याच कर्मचाऱ्यांवर येते. २६ एप्रिल १९९३ रोजी छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाचे औरंगाबाद) चिकलठाणा विमानतळावरून उडालेले विमान धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरील कापसाच्या ट्रकला धडकले. त्यातील ११८ जणांपैकी ५५ दगावले आणि ६३ वाचले. त्या विमानात तुम्ही ड्युटीवर असता तर काय केले असते, हे मी प्रत्येकाला विचारतो. बरेच जण गप्प बसतात, काहींना तर ही घटनाच माहीत नसते, आणि सहा आठवड्यांत 'तयार' होऊ पाहणाऱ्या घाईच्या उमेदवारांकडून मला याहून वेगळी अपेक्षाही नसते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. वैद्यकीय तपासणीच्या आधी उपाशी राहून वजन उतरवू नये. रात्रभर देवगिरी एक्स्प्रेसने जाऊन तशाच चुरगळलेल्या कपड्यांत रांगेत उभे राहण्यापेक्षा आदल्या दिवशी पोचावे. उड्डाणापूर्वी श्वासातील मद्याची चाचणी होते, म्हणून अल्कोहोल असलेला माउथवॉश तेव्हा वापरूच नये. गुणपत्रक, आधार आणि पासपोर्ट यांवरील नावाचे स्पेलिंग मात्र आजच तपासावे, कारण ते दुरुस्त करायला लागणारा वेळ भरतीची तारीख पाहत नाही.